निसर्गपर्यटन : डोंगरी भागातील शेतीचे जोडपीक

घाटमाथ्यावरील तालुक्यांत खरीप आणि रब्बी या दोन हंगामांच्या जोडीला आता एक तिसरा हंगाम आला आहे, तो म्हणजे पर्यटकांचा. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी, जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांसाठी, सप्टेंबरमध्ये रानफुलांसाठी आणि हिवाळ्यात गड चढण्यासाठी मुंबई, पुणे, नाशिक येथील मंडळी डोंगरात येतात. ज्या गावांतील तरुण पूर्वी भात निघाले की मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरकडे किंवा नाशिककडे जात असत, त्या गावांतील काही कुटुंबांना आता घरबसल्या चार पैसे मिळू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र कोणतेही जोडपीक घेताना ते मुख्य पिकाच्या वाट्याचे पाणी, अन्नद्रव्य आणि मजूर ओढून घेणार नाही ना, हे आपण आधी पाहतो. पर्यटनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. या लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे उदाहरण घेऊन या विषयाची माहिती दिली आहे. इगतपुरी, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी, जावळी या तालुक्यांतील शेतकरी बंधू-भगिनींनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडेल.

तालुक्याची रचना : खडक, पाऊस आणि माती

अकोले तालुका पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावर सुरू होतो आणि पूर्वेला प्रवरेच्या सपाट खोऱ्यात उतरतो. या अंतरात पावसाचा फरक फार मोठा आहे. कड्यालगतच्या घाटघर, रतनवाडी परिसरात वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. त्यामुळे पश्चिमेला खाचरातील भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी ही पिके आहेत, तर पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो अशी बागायती पिके आहेत.

येथील डोंगर लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे बनले आहेत. काही थर कठीण, तर काही ठिसूळ आहेत. ठिसूळ थर लवकर झिजतो आणि कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. गडांचे ताशीव कडे, पायऱ्यापायऱ्यांची डोंगररांग आणि उंचावरून कोसळणारे धबधबे हे याच झिजेतून तयार झाले. पर्यटकाला जे सुंदर दिसते, तेच शेतकऱ्याला अवघड जाते. उतार तीव्र असल्याने माती उथळ राहते, मुसळधार पावसात अन्नद्रव्ये वाहून जातात आणि पाच हजार मिलिमीटर पाऊस पडलेल्या गावात एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पर्यटनाची कोणतीही योजना आखताना ही परिस्थिती विसरून चालणार नाही.

प्रमुख निसर्गस्थळे

१) कळसूबाई शिखर : उंची १,६४६ मीटर. हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर होय. पायथ्याच्या बारी गावातून चढण्याची वाट आहे. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर असून नवरात्रात येथे यात्रा भरते.

२) भंडारदरा जलाशय : प्रवरा नदीवरील या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरणाला विल्सन डॅम आणि जलाशयाला आर्थर लेक अशी नावे त्या काळी पडली. धरणाच्या भिंतीखाली छत्रीच्या आकाराचा अंब्रेला धबधबा आणि पुढे प्रवरेवरच रंधा धबधबा आहे. हे दोन्ही धबधबे धरणातून पाणी सुटते तेव्हा भरात असतात. याच पाण्याच्या आधारावर खालच्या संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी भागातील बागायत उभी राहिली.

३) रतनगड आणि रतनवाडी : रतनगडाच्या परिसरात प्रवरेचा उगम होतो. गडाच्या माथ्यावरील आरपार भोक, म्हणजे ‘नेढे’, प्रसिद्ध आहे. पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे.

४) सांदण दरी : साम्रद गावाजवळ पाण्याने खडकाच्या भेगेतून कोरून काढलेली ही अरुंद व खोल घळ आहे. काही ठिकाणी ती इतकी निरुंद होते की तळाशी ऊन जेमतेम पोहोचते. कोरड्या दिवसांतच येथे उतरता येते.

५) हरिश्चंद्रगड : उंची सुमारे १,४२४ मीटर. पाचनई गावातून चढण्याची वाट तुलनेने सोपी आहे. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर, पाण्यात उभी असलेली केदारेश्वराची लेणी आणि अर्धगोलाकार कोकणकडा आहे.

६) घाटघर : येथील कड्यावरून कोकणात खोल दरी दिसते. येथे उदंचन पद्धतीचा २५० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प आहे.

यांपैकी बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे येथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील तरतुदी लागू आहेत, हे गावकऱ्यांनी आणि पाहुण्यांनीही लक्षात ठेवावे.

काजवा : लहान कीटक, मोठे भांडवल

गड आणि धबधबे कायमचे आहेत. काजव्याचे तसे नाही. तो आपल्या वागण्यावर अवलंबून आहे. म्हणून त्याची माहिती थोडी सविस्तर देणे योग्य होईल.

काजवा हा माशी किंवा पतंग नसून भुंगेरावर्गीय कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि प्रकाश बाहेर पडतो. या क्रियेत उष्णता जवळजवळ तयार होत नाही. नर उडत किंवा झाडावर बसून ठरावीक लयीत चमकतो. मादी बहुधा गवतावर किंवा खालच्या झुडपांवर बसून त्याला उत्तर देते. अशा रीतीने दोघांची भेट होते. म्हणजे आपण ज्याला रोषणाई म्हणतो, ती त्यांची बोलण्याची भाषा आहे.

मीलनानंतर मादी ओलसर मातीत अंडी घालते. अळी पालापाचोळ्यात व मातीत राहते आणि गोगलगाई व इतर मऊ शरीराचे प्राणी खाऊन जगते. भाजीपाल्याला उपद्रव करणाऱ्या गोगलगाईंचा ती शत्रू आहे, म्हणजेच शेतकऱ्याची मित्र आहे. काजव्याच्या आयुष्याचा मोठा काळ या अळी अवस्थेत जातो. प्रौढ काजवा थोडेच आठवडे जगतो. वळवाचे पाऊस पडून हवेत ओलावा आला की मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजव्यांचे थवे दिसतात. मोसमी पाऊस जोरात सुरू झाला की ते कमी होतात.

आता या दोन-तीन आठवड्यांत काय घडते ते पाहा. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. गाडीच्या दिव्यांचा झोत झाडांवर पडतो. लोक झाडाखाली जाऊन मोबाईलचे दिवे लावतात, काजवे पकडून बाटलीत भरतात आणि ध्वनिक्षेपक लावतात. प्रखर उजेडात नराचे चमकणे मादीला दिसत नाही. गवतातील माद्या पायाखाली चिरडल्या जातात. ज्या वर्षी मीलन कमी होते, त्याचा परिणाम पुढील वर्षांच्या संख्येवर होणे स्वाभाविक आहे. बियाणे खाऊन टाकले तर पुढच्या वर्षी पेरणार काय, हा प्रश्न येथेही लागू होतो.

काजव्यांच्या संवर्धनासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

• गाड्या गावाच्या आधीच थांबवाव्यात. झाडांपर्यंत पाहुण्यांना पायी न्यावे.
• झाडाखाली जाऊ न देता दुरून पाहण्याची जागा दोरी बांधून ठरवावी.
• वाट दाखवण्यापुरती एकच विजेरी वापरावी व तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधावा.
• झाडांच्या परिसरातील घरांचे बाहेरचे दिवे या आठवड्यांत रात्री बंद ठेवावेत.
• हिवाळ्यात व उन्हाळ्यात वणवा लागू देऊ नये. पालापाचोळ्याबरोबर अळ्याही जळून जातात.
• राब भाजण्यासाठी जुन्या झाडांची बेसुमार फांदेतोड करू नये. गादीवाफ्यावर रोपे तयार करण्याची पद्धत अवलंबिल्यास पालापाचोळा व शेण जाळण्याची गरज राहत नाही.
• बांधावर व ओढ्याकाठी कीटकनाशके आणि तणनाशके फवारू नयेत.

पर्यटकांच्या गर्दीबाबत वन विभाग वेळोवेळी नियम जाहीर करतो. त्यांची अंमलबजावणी गावाने स्वतःहून केल्यास ती अधिक परिणामकारक होते.

शेतीकामे आणि पर्यटन यांचे वेळापत्रक

जोडपिकाची निवड करताना त्याची मजुरांची गरज मुख्य पिकाच्या गरजेशी एकाच वेळी येऊ नये, असा नियम आहे. पश्चिम अकोल्यातील भातशेती व पर्यटन यांचे वर्ष शेजारी शेजारी मांडले, तर पुढील चित्र दिसते.

मे अखेर ते जून मध्य — शेतीकाम : खाचरांची बांधबंदिस्ती, रोपवाटिकेत बियाणे टाकणे. निसर्ग : काजवे, करवंदे, जांभळे. गर्दी : फार.

जुलै — शेतीकाम : चिखलणी व आवणी. निसर्ग : धबधबे, धुके. गर्दी : फार.

ऑगस्ट — शेतीकाम : बेणणी, खताचा दुसरा हप्ता. निसर्ग : धबधबे, रानभाज्या. गर्दी : फार.

सप्टेंबर ते ऑक्टोबर मध्य — शेतीकाम : राखण, हळव्या भाताची कापणी. निसर्ग : सोनकी, तेरडा, फुललेली खुरासणी; कारवी सात वर्षांतून एकदा. गर्दी : मध्यम, नवरात्रात कळसूबाईला फार.

ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर — शेतीकाम : भाताची कापणी, झोडणी. निसर्ग : स्वच्छ हवा, गडभ्रमंती. गर्दी : मध्यम.

डिसेंबर ते फेब्रुवारी — शेतीकाम : कामे कमी, पाणी असल्यास हरभरा, मसूर. निसर्ग : गडभ्रमंती, पक्षी, सांदण दरी, आकाशदर्शन. गर्दी : मध्यम.

मार्च ते मे मध्य — शेतीकाम : बाळहिरडा गोळा करणे, राब, मशागत. निसर्ग : रात्रीचे आकाश, पहाटेची चढाई. गर्दी : कमी.

या वेळापत्रकावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सर्वांत जास्त गर्दी नेमकी रोपवाटिका व आवणी यांच्या दिवसांत होते. भाताचे रोप साधारण २१ ते २५ दिवसांचे असताना लावावे, अशी शिफारस आहे. पाहुण्यांच्या सरबराईत आवणी आठ-दहा दिवस पुढे गेली तर रोपे जून होतात, फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. त्या दिवसांत मजूरही मिळत नाहीत. दुसरी, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शेतकऱ्याला सवड असते, हवा उत्तम असते, पण पाहुणे तुलनेने कमी असतात. म्हणून गावाने आपली सर्व ताकद आणि प्रसिद्धी हिवाळ्यावर खर्च करावी. जुलै महिन्यात मोजकेच पाहुणे घ्यावेत आणि तेही शक्यतो आवणीचे काम पाहण्यास व करण्यास तयार असणारे घ्यावेत.

डिसेंबरमध्ये राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. डांगी हा या अतिपावसाच्या भागातील मूळ गोवंश आहे. याच्या कातडीवर तेलकट थर असल्याने मुसळधार पावसातही तो काम करू शकतो. हिवाळी पाहुण्यांसाठी हे प्रदर्शन, गडभ्रमंती व गावातील मुक्काम यांची सांगड घालता येईल.

पाहुण्याला काय द्यावे?

शहरातील हॉटेलची नक्कल करण्याच्या मागे लागू नये. सिमेंटच्या खोल्या, पोहण्याचा तलाव, चिनी पदार्थ यांत भांडवल गुंतते आणि त्यासाठी कोणी डोंगरात येत नाही. जे आपल्याकडे आहे तेच नीटनेटके करून द्यावे.

जेवण : नागलीची भाकरी, काळभाताचा किंवा इंद्रायणीचा भात, वरईची भगर, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, करटोली यांसारख्या रानभाज्या. रानभाजी ओळखणाऱ्या जाणत्या बाईनेच ती आणावी. शंका असलेली भाजी ताटात वाढू नये.

विक्री : हातसडीचा तांदूळ, नागलीचे पीठ, नाचणीचे पापड, खुरासणीचे तेल, मध. एक-एक किलोच्या स्वच्छ पिशव्यांत, वजन व पॅकिंगचा दिनांक लिहून ठेवल्यास पाहुणा जाताना हमखास घेऊन जातो. व्यापाऱ्याला घातलेल्या भातापेक्षा असा तांदूळ चांगला भाव देतो.

देशी वाण : याच तालुक्यातील कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभारून भात, वाल, घेवडा अशा अनेक पिकांचे वाण जतन केले आहेत. आपल्या घरातील दोन-चार जुन्या वाणांच्या कणसांची जुडी ओट्यावर टांगून त्यांची माहिती पाहुण्यांना सांगावी. पाहुण्याला त्यात रस वाटतो आणि वाणही टिकून राहतो.

मधमाशी : खुरासणीच्या शेतालगत सातेरी मधमाशीच्या पेट्या ठेवल्यास परागीभवन वाढून बियांचे उत्पादन वाढते आणि मधही मिळतो. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथे मध आणि पर्यटन यांची जोड घालण्यात आली आहे. आपल्याकडेही असा प्रयत्न करण्यासारखा आहे.

वाटाड्या : गावातील ज्या तरुणाला वाटा, झाडे, पक्षी आणि गडाची माहिती आहे, त्याला प्रथमोपचाराचे शिक्षण देऊन तयार करावे. त्याचा दर ग्रामसभेने ठरवून फलकावर लिहावा.

अकोले तालुक्यातीलच पुरुषवाडी या गावाने घरोघरी पाहुणे ठेवण्याची पद्धत यापूर्वीच रुजवली आहे. पाहुणे आळीपाळीने निरनिराळ्या घरी जेवतात, त्यामुळे उत्पन्न एका घरात न साठता विभागले जाते. सुरुवात करणाऱ्या गावांनी ही पद्धत जाऊन पाहावी.

हिशेब मांडताना

बरेच शेतकरी हाती आलेली सगळी रक्कम नफा समजतात. ते योग्य नाही. पुढील हिशेब केवळ पद्धत समजावी म्हणून दिला आहे. आकडे आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, एका कुटुंबाने एका रात्रीसाठी ८ पाहुणे ठेवले आणि माणशी ७०० रुपये ठरले.

जमा : ८ × ७०० = ५,६०० रुपये

खर्च :
धान्य, भाजी, तेल, गॅस — १,६०० रुपये
घरच्या ३ माणसांची दीड दिवसाची मजुरी (रोज ४०० प्रमाणे) — १,८०० रुपये
अंथरूण धुणे, स्वच्छता, साहित्याची झीज — ५०० रुपये
ग्रामनिधी — ४०० रुपये
एकूण खर्च — ४,३०० रुपये
निव्वळ शिल्लक — १,३०० रुपये

घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरली आहे, याकडे लक्ष द्यावे. ती बहुधा घरातील स्त्रियांची असते. दिवसभर खाचरात वाकून आवणी करणाऱ्या बाईला रात्री आठ माणसांचा स्वयंपाक आणि पहाटे चहा-नाश्ता करावा लागत असेल, तर ते उत्पन्न तिच्या अंगमेहनतीचे आहे. म्हणून त्या रकमेचा वाटा तिच्या बचतगटाच्या खात्यात जमा व्हावा. तसेच आवणीच्या दिवसांत ही मजुरी हिशेबात दुपटीने धरून पाहावी. शिल्लक उरत नसेल तर त्या दिवसांत पाहुणे न घेणेच फायद्याचे ठरते.

पाणी, कचरा आणि जनावरे

पाहुण्यांची संख्या खोल्यांवरून नव्हे, तर पाण्यावरून ठरवावी. उन्हाळ्यात गावाची विहीर किती दिवस पुरते हे पाहून एप्रिल-मेमध्ये मुक्कामी पाहुण्यांवर मर्यादा घालावी. पन्हाळीचे पाणी टाकीत साठविल्यास वापराच्या पाण्याची काही प्रमाणात सोय होते.

शौचालय दोन खड्ड्यांचे असावे आणि ते विहिरीपासून किमान १५ मीटर दूर व खालच्या अंगाला असावे. सांडपाण्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घेऊन त्यात दगड-गोटे भरावेत. ओला कचरा गांडूळखताच्या वाफ्यात टाकावा.

प्लॅस्टिकचा प्रश्न येथे केवळ स्वच्छतेचा नाही. उष्ट्या अन्नासह फेकलेली पिशवी जनावर गिळते. ती पोटात साठून रवंथ बंद पडते व जनावर दगावते. खाचराच्या पाटात अडकलेल्या पिशव्यांमुळे पाणी तुंबते आणि फुटलेल्या बाटल्यांची काच आवणीच्या वेळी पायात घुसते. म्हणून ‘आणलेला कचरा परत न्यावा’ हा नियम गावाच्या वेशीवरच सांगावा. त्यासाठी अनामत रक्कम घेऊन कचऱ्याची पिशवी दाखवल्यावर ती परत करण्याची पद्धत सोपी आहे.

सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तंबू ठोकू देऊ नयेत. तेथे मातीचा थर बोटभर असतो. त्यातच पावसाळी रानफुलांचे बी असते. तंबू व पायांखाली हा थर दबून पाणी मुरेनासे होते आणि पहिल्या जोराच्या पावसात तो वाहून जातो. तंबूंसाठी भात निघालेली खाचरे उत्तम. जमीन सपाट असते, पीक नसते आणि भाडे थेट शेतकऱ्याला मिळते. मात्र हरभरा किंवा मसूर घ्यायचा असेल तर ओल उडण्यापूर्वी पेरणी करावी व तंबूंसाठी दुसरे खाचर ठेवावे.

सुरक्षितता

• पावसाळ्यात सांदण दरीत कोणालाही नेऊ नये. वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत अचानक येतो आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असल्याने पळायला जागा नसते.
• धबधब्याच्या डोहात व प्रवाहाच्या काठावरील शेवाळलेल्या खडकांवर उतरू देऊ नये. धरणातून पाणी केव्हा सुटते याची माहिती वाटाड्याने रोज घ्यावी.
• कोकणकडा व घाटघरचा कडा यांच्या काठापासून दूर थांबावे. धुक्यात व वाऱ्यात काठ ओळखू येत नाही.
• विजा चमकत असताना कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर कोणालाही चढवू नये.
• मद्य घेतलेल्या व्यक्तीला वाट दाखवण्यास स्पष्ट नकार द्यावा.
• प्रत्येक गटातील लोकांची नावे व संपर्क वहीत लिहून घ्यावेत. सर्पदंशावर उपचार असलेले जवळचे शासकीय रुग्णालय कोणते, हे आधीच माहीत करून ठेवावे.

जमीन आणि नोंदणी

पर्यटन वाढले की जमिनीला गिऱ्हाईक येते. जलाशयाच्या काठचा किंवा कड्याजवळचा वरकस तुकडा, ज्यात वरईसुद्धा जेमतेम येते, त्याला अचानक मोठी किंमत सांगितली जाते. असा व्यवहार करण्यापूर्वी शांतपणे विचार करावा. पैसे काही वर्षांत खर्च होतात आणि ज्या बांधावर आपण मालक होतो, तेथेच पहारेकरी म्हणून उभे राहण्याची वेळ येते.

आदिवासी शेतकऱ्यांसाठी कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्ट्याने हस्तांतरित करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण वगळता इतर हस्तांतरास शासनाची मान्यताही आवश्यक असते. म्हणून कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये, दीर्घ मुदतीचा तोंडी करार करू नये आणि कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये. अनुसूचित क्षेत्रातील गावांत ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत, त्यांचा उपयोग करावा.

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आहे. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करता येते. जेवण पुरविणाऱ्यांनी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करून घ्यावी. अभयारण्याच्या हद्दीतील वाट, मुक्काम व शेकोटी यांबाबत मात्र वन विभागाची परवानगी हाच अंतिम शब्द राहील.

ग्रामसभेने ठरवावयाच्या बाबी

एकट्या शेतकऱ्याने कितीही नियम पाळले तरी शेजारी पाळत नसेल तर उपयोग होत नाही. सातारा जिल्ह्यातील कास पठाराचे उदाहरण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. तेथे फुलांच्या हंगामात दिवसाला ठरावीक पर्यटकांनाच प्रवेश देण्याची व आधी नोंदणी करण्याची पद्धत आणली गेली आणि परिसरातील गावांच्या समित्यांकडे व्यवस्था देण्यात आली. प्रवेश शुल्कातून गावातील तरुणांना काम मिळाले. पठाराभोवती घातलेले कुंपण मात्र पुढे काढावे लागले, कारण गुरांची चराई बंद झाल्याने गवत माजून फुले कमी झाल्याचे मत पुढे आले. माणूस आणि जनावरे पूर्णपणे बाहेर काढून निसर्ग टिकतोच असे नाही. योग्य प्रमाणातील शेती व चराई हाही त्याचाच भाग असतो, हे यावरून दिसते.

आपल्या ग्रामसभेने दरवर्षी अक्षय तृतीयेपूर्वी, म्हणजे काजव्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, पुढील बाबींवर ठराव करावेत :

१) एका रात्री गावात जास्तीत जास्त किती पाहुणे व किती गाड्या घ्यावयाच्या.
२) वाहनतळाची जागा व शुल्क. शुल्कातून पाणी व स्वच्छतेसाठी किती टक्के राखून ठेवायचे.
३) जेवण, मुक्काम व वाटाड्या यांचे समान दर आणि घरांची पाळी.
४) ध्वनिक्षेपक, मद्य व प्लॅस्टिक यांवरील बंदी आणि दंडाची रक्कम.
५) आवणीच्या काळात कोणत्या दिवशी पाहुणे अजिबात घ्यायचे नाहीत.

सारांश, डोंगरी भागातील पाहुणा जे पाहायला येतो ते खाचरातील पाणी, बांधावरचा हिरडा, झाडावरचा काजवा आणि सड्यावरचे फूल आहे. त्याची राखण शेतकरीच करतो. भात, नागली आणि जनावरे हे मुख्य पीक मानून पर्यटनाला त्याच्या दोन ओळींमधील जागा दिली, तर दोन्ही पिके येतील. मुख्य पीक मोडून केवळ जोडपिकाच्या मागे लागल्यास काही वर्षांत दोन्हीही हातची जातील. म्हणून येत्या हंगामात सुरुवात करू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनी आधी वरील वेळापत्रक आपल्या गावापुरते मांडावे, घरातील सर्वांशी, विशेषतः स्त्रियांशी, बोलून पाहुण्यांची संख्या ठरवावी आणि मगच पहिला पाहुणा घरी घ्यावा.